कॅनडाचा कलदार

आमच्या नांदेडच्या नाणेसंग्राहक मंडळात नाणी म्हटली की निजामाची. चारमिनारछाप रुपये आणि त्यांच्या सालांवरून दुपारभर वाद. मी लातूरच्या शाळेत भूगोल शिकवते आणि कॅनडाची नाणी जमवते. त्यांवर बीव्हर असतो, कॅरिबू हरीण असतं, शिडाची जहाजं असतात, म्हणून मला ती आवडतात. "आपलं सोडून परक्याचं कशाला, बाई?" असं मंडळातलं कुणी म्हणालं की मी त्यांच्या मोबाइलचा देश विचारते.

माझ्या संग्रहातलं सगळ्यात देखणं नाणं म्हणजे १९३५चा चांदीचा डॉलर. एका बाजूला पंचम जॉर्ज, दुसरीकडे होडी वल्हवणारे दोघं आणि त्यांच्यामागे आभाळात बारीक रेषा. त्या रेषा म्हणजे ध्रुवीय प्रकाश. जुन्या चांदीवर वयाचा काळसर थर चढतो. तो जसाच्या तसा असेल तरच नाण्याला वरची ग्रेड मिळते. माझ्या डॉलरवर तो निळसर आणि अखंड होता. मंडळाच्या यंदाच्या प्रदर्शनात त्याला पहिला क्रमांक मिळवून द्यायचा आणि सगळ्यांची तोंडं बंद करायची, हे मी ठरवूनच ठेवलं होतं.

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी मी बाजारातून झेंडू घेऊन आले, तर डॉलर पूजेच्या ताटात, लखलखीत. सासूबाईंनी तो चिंच आणि राख लावून घासला होता. शेजारी घरचे जुने इंग्रजी रुपये होते. निजामाच्या काळापासून आमच्याकडे त्यांना कलदार म्हणतात. त्यांच्यावरही तोच राजा.

"कलदारच की गं," सासूबाई म्हणाल्या. "राजा त्योच हाय. जरा मोठा वाटला, म्हनलं जुना आसंल."

"आई, तो कॅनडाचा होता."

"मग? मळका ठिवू व्हय लक्ष्मीम्होरं?"

भिंगाखाली पाहिलं. ध्रुवीय प्रकाशावर राखेचे ओरखडे उठले होते. मी रडले, भांडले आणि रागाच्या भरात चिवड्याचा अर्धा डबा संपवला.

मग मंडळाचे अध्यक्ष गुरुलिंगअप्पा यांना फोन केला.

"घाबरू नका ताई. उकडलेलं अंडं कापून डॉलरसंगं डब्यात बंद करून ठिवा. आपोआप काळा पडतो. परीक्षकाच्या बापाला कळणार न्हाई."

अप्पा कट्टर शाकाहारी. अंड्याचा हा उपयोग त्यांना कसा कळला, ते मी विचारलं नाही.

तो क्रमांक मला फार हवा होता. पण खोटा काळा रंग चढवून जिंकायचं आणि मग त्याच लोकांपुढे ताठ मानेनं मिरवायचं? मला नाही जमत.

प्रदर्शनाला आई हट्टानं सोबत आल्या. डॉलरपुढे मी माझ्या हातानं कार्ड लावलं : 'कॅनडा, १९३५. लातूरला लक्ष्मीपूजनात घासलेला.' वाचणारे हसायला लागले. परीक्षकांनी भिंग लावलं आणि लगेच काढलं.

"चांगल्या नाण्याची माती केली. कुण्या अडाण्यानं केलं हे?"

हशा वाढला. आईंनी पदर सारखा केला आणि खाली बघितलं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"माझ्या सासूबाईंनी. ह्या इथंच बसल्यात. अडाणी म्हणायचं तर त्यांच्या तोंडाकडं बघून म्हणा."

परीक्षक गडबडले. "तसं नव्हे. पण घासलेल्या नाण्याला ग्रेड देता येत नाही. स्पर्धेतून काढावं लागेल."

"स्पर्धेतून काढा. टेबलावरून कुणी हलवायचं नाही."

तोवर आई उभ्या राहिल्या होत्या. "घासला म्याच. पोरीला इचारलं न्हाई, तेवढं चुकलं. पर तिनं लपवलं न्हाई. बाकीच्यांनी काय काय केलंय, ते बी लिवलंय का, बगा की जरा."

परीक्षकांचं भिंग शेजारच्या टेबलाकडे वळलं. तिथे अप्पांचे चारमिनारछाप रुपये मांडले होते, एकजात सारखे काळे. अप्पा चहा सांगायला म्हणून बाहेर गेले.

क्रमांक काही मिळाला नाही. संध्याकाळपर्यंत डॉलर मात्र टेबलावर चमकत होता आणि आई त्याच्याजवळून हलल्या नाहीत. येईल त्याला सांगत होत्या, "कॅनडाचा कलदार हाय. म्याच घासला."