पास झालेलं रबर

रतन ओव्हाळनं आयुष्यभर एकच काम केलं: दुसऱ्याचं काम नापास करायचं. हडपसरच्या एका कारखान्यात तो क्वालिटीला होता. समोर आलेला नग फिरवून बघायचा, नाक मुरडायचं आणि लाल खडूनं फुली मारायची. रिटायर झाल्यावर कारखाना सुटला, खोड सुटली नाही. फुली मारायला घरात एकच माणूस उरलं होतं, बायको चंद्रभागा.

पोळी जाड, रिजेक्ट. चहा पांचट, रिजेक्ट. हाच माणूस रविवारी विहारात समतेवर असा बोलायचा, की बायका टाळ्यांचा कडकडाट करायच्या. चंद्रभागा टाळ्या वाजवायची नाही. संधिवातानं बोटं वाकडी झालीत, वाजवता येत नाहीत, असं सांगायची. ते निम्मं खरं होतं.

घरात तिच्या ओळखीची, तिला सांभाळून घेणारी एकच वस्तू होती: जुना फ्रीज. त्याच्या दाराचं रबर झिजून, काळं पडून लोंबायला लागलं होतं. दार नीट लागायचं नाही, बर्फाचे डोंगर व्हायचे, खाली पाणी साचायचं. पण कोपराचा नुसता धक्का दिला की उघडायचं. त्या बोटांना तेवढंच झेपत होतं. आणि त्या घरात सगळं फ्रीजमध्येच. साखर, गूळ, मध, खजूर, सगळं. रतनला मुंग्यांचा तिटकारा. गोडाचा कणही बाहेर ठेवायचा नाही, हा त्याचा कायदा.

"मेकॅनिकला बोलवा," हिंजवडीहून मुलगा रोहन फोनवर म्हणाला. "नाहीतर सरळ नवीन घेऊ."

"मेकॅनिक?" रतन खेकसला. "माझ्या हाताखालून लाखभर नग गेलेत. चार फुटाचं रबर मला बसवता येणार नाही?"

त्यानं रबर मागवलं. ते घड्या पडून, चेपून आलं. गरम पाण्याच्या टबात बुडवून त्यानं ते सरळ केलं. जुनं ओढून काढलं तेव्हा खाचेतून काळी बुरशी निघाली. ती त्यानं चंद्रभागेला दाखवली, जणू तिच्याच दातांतून काढली होती.

"बघ. ही तुझी स्वच्छता."

त्यानं आधी चारी कोपरे दाबून बसवले, मग मधलं रबर अंगठ्यानं खाचेत सारत गेला. काम चोख केलं, खोटं कशाला बोला. मग कॅलेंडरच्या कागदाची पट्टी दारात धरून दार लावलं.

"ओढ."

चंद्रभागेनं ओढली. पट्टी हलली नाही.

"पास!" तो म्हणाला. या घरात पास झालेली ती पहिली वस्तू.

संध्याकाळी ती दूध काढायला गेली. कोपरानं धक्का दिला, दार ढिम्म. दाराच्या मुठीत बोटं घातली, ओढलं. सांध्यांतून कळ आली आणि बोटं निसटली.

रतन मागे उभा होता. पहिल्यांदा त्याला कळलं नाही. कळलं तेव्हा त्याच्या तोंडावर जे हसू आलं, ते तिनं लग्नातही पाहिलं नव्हतं.

"उघडत नाही?"

"नाही हो."

"मग मागायचं. नीट."

"अहो, जरा उघडता का?"

"काय काय पाहिजे ते आधी ठरव. एकदाच सगळं सांग. सारखं दार उघडलं की गार हवा जाते."

झालं. त्या दिवसापासून स्वतःच्या स्वयंपाकघरात ती भिकारीण झाली. कोथिंबीर विसरली की पुन्हा हाक मारायची नाही, भाजी तशीच करायची. आणि भाजी तशीच केली की रिजेक्ट. शेजारची कौशल्या आली की हा बैठकीत बसून सांगायचा, "आमच्या बाईसाहेबांना फ्रीज उघडत नाही बरं का. आम्हाला नोकरीवर ठेवलंय." कौशल्या हसायची. हसणाऱ्यांचा मला राग येतो तो यासाठीच.

एकदा तो सकाळी फिरायला गेला असताना चंद्रभागेनं उलथणं घेतलं. त्याचं पातं दाराच्या फटीत सारलं आणि मूठ मनगटानं दाबली. चपक! दार उघडलं. ती उघड्या फ्रीजसमोर नुसती उभी राहिली, गार हवा पोटावर घेत. मग दार लावलं, उलथणं धुऊन जागेवर ठेवलं. त्याला सांगितलं नाही. तो घरात असला की मागतच राहिली. बाईनं एक तरी गोष्ट नवऱ्यापासून राखून ठेवावी.

रतनला डायबेटिस. जेवायच्या आधी तो स्वतःच पोटात इन्सुलिन टोचायचा आणि लगेच ताटावर बसायचा. डॉक्टरनं दोघांना समोर बसवून बजावलं होतं: टोचलं की खायचंच. घाम फुटला, हात कापले, की आधी साखर तोंडात घाला.

त्या दुपारी त्यानं टोचून घेतलं, ताटावर बसला. वांग्याची भाजी चाखली.

"कोथिंबीर?"

"फ्रीजमध्ये राहिली."

"मग मागता येत नाही? तोंडाला पण संधिवात झालाय?" त्यानं ताट सरकवलं. "रिजेक्ट. मी नाही जेवत."

"अहो, टोचलंय तुम्ही. दोन घास तरी खा."

"मला शिकवू नको."

तिनं ताट झाकून ठेवलं. तो बैठकीत जाऊन पेपर घेऊन बसला. थोड्या वेळानं पेपर खाली पडला. चंद्रभागा तेव्हा स्वयंपाकघराच्या दारात स्टुलावर बसून चहा पीत होती. तिनं पाहिलं: बनियन भिजून अंगाला चिकटलेला, हात लटलट कापताहेत. उठायला गेला आणि परत खुर्चीत कोसळला.

"चंद्रे… साखर…"

तिनं चहाचा घोट घेतला.

"नीट मागा."

"साखर दे… अगं…"

"काय काय पाहिजे ते आधी ठरवा. नुसती साखर, की पाणीही? एकदाच सगळं सांगा. सारखं दार उघडलं की गार हवा जाते."

त्याचे ओठ हलले. शब्द जुळेनात. ज्या तोंडानं आयुष्यभर दुसऱ्याला नापास केलं, त्यातून नुसती लाळ आली. डोळे तेवढे तिच्यावर खिळलेले. ती त्या डोळ्यांत बघत राहिली. असं बघायला तिला उभ्या संसारात कधी मिळालं नव्हतं. तिनं चहा संपवला. कप विसळला. पालथा घातला.

"जरा…" त्याची मान कलत होती. "उघडता का…"

बायकोला अहोजाहो केलं. कधी नव्हे ते.

मग तिनं उलथणं घेतलं. त्याला दिसेल असं. पातं फटीत सारून मूठ दाबली. चपक! साखरेचा डबा काढला, त्याचा जबडा वाकड्या बोटांनी धरला आणि चमचा आत कोंबला. मग दुसरा. थंड साखर हनुवटीवरून बनियनवर सांडली.

हळूहळू त्याची नजर ठिकाणावर आली. त्यानं आधी उलथण्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. त्याला सगळं कळलं होतं, आणि आपल्याला कळलंय हे तिलाही कळलंय, हेसुद्धा. छातीवरच्या साखरेला मुंग्या लागल्या होत्या. त्या झटकायला हात उचलेना.

"उद्या…" तो पुटपुटला, "उद्या ते रबर काढून टाकतो."

चंद्रभागेनं उलथणं कमरेला खोचलं.

"राहू द्या," ती म्हणाली. "पास झालंय ना."