मक्याच्या कडेचं दार

नगरच्या डॉक्टरांनी आईची फाईल मिटली, चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "आता औषधांपेक्षा त्यांना आनंदात ठेवा."

मी विचारलं, "दिवसातून किती वेळा?"

डॉक्टर हसले नाहीत. नानांनी पुढं विचारलं, "जेवनाआधी का नंतर?" मी निदान विनोद तरी केला होता. नानांना खरंच माहिती हवी होती.

नाना म्हणजे माझे वडील, कारभारी. शनिशिंगणापुरात आमचं दुकान आहे. तेल, काळं कापड, रुईच्या पानांची माळ, घोड्याची नाल. घोडा आमच्या पाहण्यात नाही, पण नाला येतात. घर दुकानाच्या मागं, आणि घराच्या मागं थोडं रान. शनिदेव राखतो म्हणून गावात घरांना दारं लावत नाहीत; आता कुठं कुठं काचेची आली, पण नाना जुन्या वळणाचे. आमच्या घराला चौकट आहे, चौकटीला पडदा आहे, आणि कुत्रं आत येऊ नये म्हणून खाली एक आडवी फळी आहे. ती फळी कुत्र्यासाठी आहे हे कुत्रं सोडून सगळ्यांना माहीत आहे.

तर आनंद. नानांनी पहिल्याच आठवड्यात वॉशिंग मशीन आणलं. आईचा जन्म धुणं धुण्यात गेला होता, तेव्हा हिशेब बरोबर होता, फक्त आता धुणं मी धूत होतो. आई खुर्चीवर बसून काचेतून फिरणारे कपडे बघत राहिली आणि थोड्या वेळानं म्हणाली, "बंद कर रं, पोटात ढवळतंय." श्रीरामपूरला दिलेली माझी बहीण धनश्री फोनवर पोट धरून हसायचे व्हिडिओ पाठवायची. कुणी केळीच्या सालीवर पडतंय, कुणी लग्नात स्टेजवरून पडतंय. आई प्रत्येकाला "आगं आई, लागलं आसंल त्येला" म्हणायची. दहा व्हिडिओंनंतर ती आणखी दहा माणसांच्या काळजीत पडली.

शिवाय भेटायला येणारे. ते पडदा बाजूला करून थेट खाटेपाशी यायचे आणि हाच आजार झालेल्या आपापल्या नातेवाइकांची गोष्ट सांगायचे. त्यातले निम्मे नातेवाईक वाचलेले असायचे. सांगणारे मात्र गोष्ट नेहमी उरलेल्या निम्म्यांपासून सुरू करायचे.

शेवटी मी तिलाच विचारलं. इतके दिवस कुणाच्या डोक्यात ते आलं नव्हतं, कारण ती घरातच होती.

"आई, काय झालं तर तुला बरं वाटंल?"

तिनं फार विचार केला नाही. "दार," म्हणाली.

"कसलं दार?"

"दार रं. लाकडाचं. कडी आसलेलं."

"लावून घ्यायला?"

"न्हाई. उघडायला."

मग तिनं सांगितलं. तिचं माहेर मिरजगावचं. वडील बाजारात हमाली करायचे आणि दिवेलागणीला घरी येऊन कडी वाजवायचे. ही चूल सोडून पळायची. "माझा बाप भाईर उभा आसायचा. दिवसभर पोती वाहिलेला मानूस, पन मी उघडीस्तवर उभा ऱ्हायाचा. कोन हाय म्हनून मी मुद्दाम इचारायचे. त्यो म्हनायचा, पावना हाय, ऱ्हायाला जागा हाय का. आत आपलं मानूस हाय म्हनून कुनीतरी भाईर थांबतंय, त्येचं लई बरं वाटायचं. हितं कोन थांबतंय? हितं जो येतो त्यो आधीच आलेला आसतो."

मी घरातल्या चौकटीकडं बघितलं. पडदा हलत होता. कुत्रं आलेलं होतं.

नाना म्हणाले, "न्हाई."

"नाना, डॉक्टर म्हनले..."

"डॉक्टरला काय जातंय. ह्या घराला माझ्या आज्यानं दार लावलं न्हाई."

मी मिरजगावला गहिनीनाथमामांना फोन केला. मामांनी दोन वर्षांपूर्वी जुनं घर पाडून स्लॅबचं बांधलं होतं, लोखंडी दरवाजा बसवला होता. जुन्या दाराचं काय केलं विचारलं तर म्हणाले, "हाय की. कोंबड्यांच्या खुराड्यावर टाकलंय. का रं?"

मी कारण सांगितलं. मामा म्हणाले, "कोंबड्यांचं बघतो कायतरी."

चौथ्या दिवशी पिकअपमधून मामांबरोबर दार आलं. चौकटीसकट, दोन फळ्यांचं, बाभळीचं, वर कोंबड्यांनी आपली सही केलेलं. मामांनी ते घासून धुतलं. घराला लावता येत नव्हतं, म्हणून आम्ही घरामागच्या रानात मक्याच्या कडेला दोन खड्डे घेतले, चौकट उभी केली आणि बुडाला सिमेंट ओतलं. अलीकडं मोकळं रान, पलीकडं मोकळं रान, मधे दार. दाराच्या पलीकडं आईची खुर्ची ठेवली, वर उन्हासाठी जुनं लुगडं बांधलं आणि तिला तिथं नेऊन बसवलं.

संध्याकाळपर्यंत गावात चर्चा झाली आणि रंगनाथआबा आले. आबा गावातले सगळ्यात वयस्कर. देवाधर्माचं काही अडलं की लोक त्यांना विचारतात, नाही अडलं तरी ते सांगतात. त्यांनी दाराभोवती काठी टेकत दोन फेऱ्या मारल्या.

"घर कुठाय?"

"न्हाई आबा."

"भिंत?"

"न्हाई."

"कुलूप?"

"न्हाई."

आबांनी दारावर काठीनं टकटक केलं. "मंग ह्ये दार न्हाई. ह्ये फर्निचर हाय." आणि वळसा घालून पलीकडं आईला भेटायला निघाले, तेवढ्यात आतून आई म्हणाली, "कोन हाय?"

आबा चौऱ्याऐंशी वर्षांचे. त्यांना गावात हा प्रश्न कधी कुणी विचारला नव्हता. ते जागच्या जागी उभे राहिले, टोपी नीट केली आणि म्हणाले, "रंगनाथ."

"थांबा, आले," आई म्हणाली.

तिनं दार उघडलं तेव्हा तिचा चेहरा मी बाजूनं बघितला. त्याबद्दल मला काही लिहिता येणार नाही. वॉशिंग मशीन परत द्यायला हरकत नव्हती, एवढं सांगतो.

त्यानंतर लोक तिथंच यायला लागले. कडी वाजवायची, नाव सांगायचं, थांबायचं. वळसा घालून जायला दोन पावलं पुरत होती, पण कुणी जात नव्हतं. आणि थांबल्यामुळं असेल, आत गेल्यावर कुणी मेलेल्या नातेवाइकांची गोष्ट काढत नव्हतं. बायका हसतच आत जायच्या. एकदा सोलापूरकडचे भाविक वाट चुकून रानात आले, त्यांनी दार बघितलं, आणि नवीन काहीतरी असावं म्हणून त्याला तेल वाहिलं. बिजागऱ्या कुरकुरायच्या थांबल्या. आई म्हणाली, "ह्यांना परत बोलवा, कडीबी कुरकुरती."

नाना मात्र येत नव्हते. ते मक्याला पाणी द्यायला यायचे, सरीतून चालत बाजूनं तिच्याकडं बघायचे, "गोळी घेतली का?" विचारायचे. आई उत्तर द्यायची, पण दाराकडं बघून.

एकदा मला म्हणाली, "सगळं गाव वाजवून गेलं."

"मग बरं वाटतंय ना?"

"वाटतंय की." तिनं पदराची कड बोटाला गुंडाळली आणि सोडली. "तुझ्या नानांनी एकदा वाजवली आसती तर."

दिवस जात होते तशी दार उघडायला तिला उशीर लागू लागला. आधी ती मुद्दाम थांबायची, गंमत म्हणून. नंतर गुडघ्यांमुळं, मग दमामुळं. बाहेरून दोन्ही सारखंच ऐकू यायचं. बाहेरचे लोक म्हणायचे, मालनबाई लई भाव खायला लागली. आई आतून म्हणायची, खाऊ द्या की, दुसरं काय खाल्लं जात न्हाई.

मी दुकानात नानांशी बोललो. ते तेलाच्या बाटल्या पुसत होते.

"नाना, काय बिघडतंय? आबा म्हनले ना, फर्निचर हाय."

"आसंल."

"मग?"

त्यांनी बाटली ठेवली. "ही आजारी पडली तवा मी देवाफुडं जाऊन उभा ऱ्हायलो. म्हनलं, घर तुझ्यावर सोडलंय, आमच्या घराला दार न्हाई, काय घेऊन जायाचं आसंल तर घेऊन जा, ही तेवढी ठेव." दुसरी बाटली घेतली. ती आधीच पुसलेली होती. "आता मीच दार वाजवायचं म्हंजे त्येला काय वाटंल? ह्येचा इश्वास न्हाई म्हनून हिलाच घेऊन गेला तर?"

यावर मला विनोद सुचला नाही. मला सहसा सुचतो.

दुसऱ्या दिवशी आईनं चहा पण नको म्हटलं. मी दुकानात येऊन तेवढंच सांगितलं. नाना उठले, गल्ला उघडा टाकून देवळाकडं गेले, आणि बऱ्याच वेळानं परत आले.

"इचारलं," म्हणाले.

"काय म्हनले?"

"काय न्हाई म्हनले."

"मग?"

"न्हाई बी न्हाई म्हनले."

त्यांनी आंघोळ केली, धुतलेलं धोतर नेसलं, लग्नकार्यातली टोपी घातली. दुकानातून निघताना थबकले आणि शेजारून रेवड्यांची पुडी घेतली. पाहुणा रिकाम्या हातानं जात नाही. उन्हं उतरली होती. ते सरीतून न जाता सरळ वाटेनं दारापुढं जाऊन उभे राहिले. मी मक्याच्या कडेला होतो, तिथून मला दोघंही दिसत होते.

नानांनी कडी वाजवली. एकदा, हळू. मग पुन्हा, ऐकू जाईल अशी.

आईनं मान वर केली. पडद्यामागून येणाऱ्या माणसाची पावलं ती एवढी वर्षं ऐकत आली होती, कोण आहे ते तिला कळलं होतं.

"कोन हाय?"

नाना घोटाळले. "मी."

"मी कोन?"

"कारभारी."

"कुठले?"

नानांनी माझ्याकडं बघितलं. "शिंगणापूरचे," ते म्हणाले.

"काय काम काढलं?"

"काम न्हाई." पुडी या हातातून त्या हातात. "सहज आल्तो. भेटायला."

"थांबा," आई म्हणाली. "आले."

तिनं खुर्चीच्या हातांवर जोर दिला आणि उठायला गेली. उठता आलं नाही. पुन्हा गेली. मी पुढं सरकलो तसं तिनं बोट हलवून मला थांबवलं, लहानपणी पाहुण्यांसमोर थांबवायची तसं. तिचं तोंड पांढरं पडलं होतं आणि ती हसत होती. "आले, आले," ती दाराला म्हणाली.

नाना उभे होते. कुत्रं मक्यातून आलं, दाराला वळसा घालून आत गेलं, आईला हुंगलं आणि वळसा घालून बाहेर आलं. नानांनी त्याच्याकडं बघितलंसुद्धा नाही. रस्त्यावर एक बस थांबली, माणसं उतरली, बस गेली. ऊन दाराच्या वरच्या पट्टीवर गेलं.

"आवं," आई म्हणाली.

"व्हय."

"कडी लावलेली न्हाई. कधीच लावली न्हवती. ढकला."

नानांनी हात वर केला, दारापर्यंत नेला आणि खाली घेतला.

"आसू दे," ते म्हणाले. "तू ये सावकाश. मी हाय हितं."

मी मक्याकडं तोंड केलं. त्यामुळं ती कशी उठली ते मला माहीत नाही. फळ्या उघडल्याचा आवाजसुद्धा आला नाही, त्या सोलापूरवाल्यांच्या तेलामुळं. फक्त तिचा आवाज आला.

"या. बसा. पानी घेनार का?"

मी वळून बघितलं तेव्हा नाना आत शिरताना वाकत होते. चौकट त्यांच्यापेक्षा हातभर उंच होती. मग आई खुर्चीवर आणि नाना बादली पालथी घालून बसले, आणि आईनं एक रेवडी तोंडात धरली. चावली नाही, नुसती धरली. अंधार पडेपर्यंत तिनं नानांना त्यांच्याच गावाची विचारपूस केली. पाऊसपाणी कसं आहे, मुलंबाळं किती, घरची कशी आहे.

"घरची बरी हाय," नाना म्हणाले.

आई पुढच्या सोमवारी सकाळी गेली. घरात, खाटेवर, चहा ठेवायला मी उठलो तेवढ्यात. आमच्या चौकटीला नुसता पडदा. कोण आहे म्हणून विचारायलासुद्धा तिला मिळालं नाही. आला तो आधीच आलेला होता.

तेराव्याला मामांनी नानांना विचारलं, "दाजी, दार घेऊन जाऊ का परत? का ठेवू?"

"ऱ्हाऊ द्या," नाना म्हणाले. "कोंबड्यांची गैरसोय व्हत आसंल तर पैसे देतो."

आता मका काढून झाला आहे, रान मोकळं आहे, त्यामुळं दार लांबून दिसतं. संध्याकाळी दुकान आवरलं की नाना टोपी घालून तिकडं जातात. कडी वाजवतात. पलीकडून कुणी विचारत नाही, तरी हे सांगतात: कारभारी. शिंगणापूरचे. काम न्हाई, सहज आल्तो.

मग उभे राहतात. आत खुर्ची अजून आहे, वरचं लुगडं वाऱ्यानं एका बाजूला फाटलं आहे. कडी लावलेली नाही, हे त्यांना माहीत आहे. तरी ढकलत नाहीत. कुत्रं वळसा घालून आत जातं, खुर्चीखाली बसतं, आणि बऱ्याच वेळानं बाहेर येऊन त्यांच्या शेजारी उभं राहतं.

तेव्हा ते परत येतात.