लाल मिठाचे चाळीस खडे

जगन पाटलाने सत्तावन्नाव्या वर्षी पुन्हा मीठ गोळा करायला घेतलं, आणि तेही कळंबोलीच्या तिसऱ्या मजल्यावर, पंख्याखाली बसून. उलव्याकडच्या मिठागरात ज्याचं अर्धं आयुष्य गेलं, ते मिठागर विमानतळाच्या भरावाखाली गेलं तेव्हा ज्याने फावडं भंगारवाल्याला दिलं आणि पुन्हा त्या रस्त्याला गेला नाही, तो हा माणूस. आता रोज सकाळी दहाला चहा पिऊन तो मुलाच्या जुन्या कॉम्प्युटरपुढे बसायचा, कानावर हेडफोन चढवायचा आणि वाळवंटात उतरायचा.

हा खेळ इंटरनेटवरचा. जगभरची हजारो माणसं त्या एकाच वाळवंटात असतात. तहान लागते, ऊन लागतं, लुटारू फिरतात. पाणी शोधायचं, तळ उभारायचा, जगायचं. मोबाईल दुरुस्तीच्या दुकानातल्या शैलेशने त्याला तेवढं खातं उघडून दिलं आणि विचारलं, "काका, या वयात?" जगन म्हणाला, "वेळ जात नाय." ते अर्धंच खरं होतं.

त्या वाळवंटात एक आटलेलं तळं होतं आणि त्यात लाल मीठ धरायचं. खेळातली सगळ्यांत दुर्मीळ वस्तू. ते मिळावं म्हणून पोरं दिवस दिवस तळ्यावर इकडून तिकडे धावायची आणि हात हलवत परत जायची. जगन पहिल्या दिवशी काठावर नुसता उभा राहिला. वाळू कुठून कुठे उडतेय ते त्याने पाहिलं आणि वारा जिकडे पोचतो त्या कोपऱ्यात जाऊन बसला. त्यांच्या मिठागरातही मिठाची पहिली साय तिथेच धरायची. भर दुपारी त्याच्या पायाशी एक खडा उगवला. ज्याने कुणी हा खेळ बनवला त्याने मिठागर पाहिलं असणार, असं जगनला वाटलं, आणि त्या न पाहिलेल्या माणसाबद्दल त्याला उगाच माया वाटली. दिवसाला एक, फार तर दोन खडे. घाई करून मीठ धरत नाही, हे त्याला कुणी शिकवायला नको होतं.

पण तो तिथे मिठासाठी गेलाच नव्हता. तो हृतिकसाठी गेला होता.

हृतिक त्याचा एकुलता मुलगा. चंद्रावती, म्हणजे जगनची बायको, गेल्यावर घरात हे दोघेच उरले. एक स्वयंपाक बिघडवायचा, दुसरा तो मुकाट गिळायचा. चौदा महिन्यांपूर्वीची गोष्ट. हृतिक याच खुर्चीत हाच खेळ खेळत होता, ताट मांडीवर होतं. भाजी अळणी होती. त्याने पडद्यावरची नजर न काढता तळहात पुढे केला आणि जगनने त्यावर चिमूटभर मीठ ठेवलं.

मीठ हातात देऊ नये, भांडण होतं. चंद्रावतीने जन्मभर हे पाळलं. कुणी मीठ मागितलं की ती वाटी जमिनीवर ठेवायची आणि म्हणायची, "उचल." जगन तिला हसायचा. त्या दिवशी मात्र अर्ध्या तासात भांडण पेटलं. जेवण निवतंय म्हणून जगनने कॉम्प्युटरची वायर उपटली. हृतिक उठला आणि म्हणाला, "आयच्या जागी तुमी गेला असता तर बरं झालं असतं." जगन म्हणाला, "या घरात परत पाय ठेवू नको." दोघेही एकाच मातीचे, बोलले ते पाळणारे. आठवड्याने हृतिक हैदराबादच्या नोकरीवर गेला. फोन त्यानेही केला नाही, यानेही नाही. मन तुटलं ते वायरीने की शब्दांनी, याचा जगनने पुष्कळ विचार केला आणि दोष शेवटी मिठावर टाकला. मिठावर टाकलेला दोष सोसवतो, स्वतःवर घेतलेला सोसवत नाही.

कॉम्प्युटरच्या खालच्या बाजूला चिकटवलेल्या कागदावर हृतिकचं खेळातलं नाव लिहिलेलं होतं. ते धरून जगन महिनाभर त्या वाळवंटात भटकला. हृतिकची टोळी सापडली तेव्हा त्याने दोन लाल खडे त्यांच्या तळापुढे ठेवले आणि उभा राहिला. लाल मीठ आणणाऱ्याला कोण नाही म्हणतो? त्याने नाव सांगितलं दगडू, गाव सांगितलं नागपूर, आणि एकेक अक्षर शोधून टाइप केलं, की माइक खराब आहे, ऐकू येतं, बोलता येत नाही.

रविवारी दुपारी टोळी जमायची. मग दोन तास जगनच्या कानात त्याचा मुलगा बोलायचा. टोळीतल्या हैदराबादच्या शिवाशी हिंदीत हसायचा, खोकायचा, मध्येच दरवाजा उघडून कुणाकडून तरी पार्सल घ्यायचा. त्याला कावीळ होऊन गेली हे जगनला असंच कळलं, बरी झाल्यावर. त्या दिवशी जगन खेळ संपल्यावरही हेडफोन कानावर ठेवून कितीतरी वेळ बसून होता. सहा दिवस तो मीठ गोळा करायचा ते या दोन तासांसाठी. ओळख पटली तर हृतिक उठून जाईल, नाव बदलेल, आणि एवढ्या मोठ्या वाळवंटात तो आवाज पुन्हा सापडायचा नाही. म्हणून जगन मुका राहिला. घरात तरी बोलायला कोण होतं! कधी कधी संध्याकाळी दूधवाल्याला "एकच पिशवी" म्हणताना आपलाच आवाज त्याला परका वाटायचा.

टोळीला पाण्याची टाकी बांधायची होती. तिला चाळीस लाल खडे लागत. आधीचे खर्च होऊन एक हृतिकच्या पेटीत पडून होता. उरलेले एकोणचाळीस जगनने महिनाभर खपून जमवले आणि त्या रविवारी घेऊन आला.

"दगडूभाई, कमाल!" हृतिक म्हणाला. "पण बाहेर लुटारू फिरतायत. खाली ठेवू नका, सरळ माझ्या हातात द्या."

खेळात तशी सोय होती. दोन माणसं समोरासमोर उभी राहिली, एक बटण दाबलं, की वस्तू या हातातून त्या हातात. त्यात चोरीची भीती नाही. जमिनीवर ठेवलेली वस्तू मात्र जो उचलेल त्याची. जगनने आजवर प्रत्येक खडा जमिनीवरच ठेवला होता आणि टोळीने ती नागपूरकराची खोड म्हणून चालवून घेतली होती.

हृतिकचा खेळातला माणूस समोर येऊन उभा राहिला. पडद्यावर त्याचा हात पुढे झाला. तसाच, तळवा वर करून.

जगनचं बोट बटणावर गेलं. महिनाभराचं काम होतं, मुलाची टाकी होती, सगळं कळत होतं. पण बोट खाली जाईना. एकदा दिलं होतं हातात. पुन्हा नाही. त्याने दोन पावलं मागे सरून खड्यांची पिशवी वाळूवर ठेवली.

दगडामागून उंटावरचा एक लुटारू सुटला, वाकला, पिशवी उचलली आणि टेकडीपलीकडे गेला. सगळं मिळून चार क्षण.

"अरे ये आदमी पागल है क्या!" शिवा ओरडला. "भाई, निकाल इसको! चोरों से मिला हुआ है!"

जगनच्या कानात नुसता हृतिकचा श्वास येत होता. आता काढतील आपल्याला, एवढंच जगनच्या मनात होतं.

"दगडूभाई," हृतिकने शेवटी विचारलं, "हातात का नाही दिलं?"

खोटं सुचलं असतं तर जगनने ते लिहिलं असतं. त्याने अक्षरं शोधून लिहिलं: मीठ आहे. हातात दिलं की भांडण होतं.

पडद्यावर ते वाक्य तसंच राहिलं. खाली रस्त्यावर एक ट्रक मागे घेत होते, त्याची पिपाणी वाजत राहिली. मग हृतिक शिवाला म्हणाला, "तू जरा जा. बाद में आ," आणि शिवा कुरकुरत गेला.

हृतिकचा माणूस वळला आणि तळात शिरला. गेला, जगनला वाटलं. उठून गेला. त्याने हेडफोन काढायला हात वर नेला, तोच तो माणूस परत बाहेर आला. पेटीत उरलेला एकुलता एक लाल खडा त्याने आणला होता. जगनच्या माणसासमोर तो थांबला, वाकला, खडा वाळूवर ठेवला आणि दोन पावलं मागे सरला.

"उचला," हृतिक म्हणाला. "मी पन हातात नाय देत."

जगनने खडा उचलला. एवढं सोपं बटण, पण ते त्याला तीनदा दाबावं लागलं.

"बाबा," हृतिक म्हणाला, "माइक खराब नाय ना?"

माइकचं बटण हेडफोनच्या वायरीवर होतं. सहा महिने ते बंद होतं. जगनने ते चाचपलं, सरकवलं, आणि घसा खाकरला.

"नाय," तो म्हणाला. सकाळपासून तोंडातून निघालेला त्याचा तो पहिलाच शब्द होता.