चटई घातलीत का?

कार्डाला शोभा येते ती पार्श्वभूमीने; फूल काय, कुणीही चिकटवतं. थोरल्या जाऊबाईंनी हे तत्त्व आयुष्यभर मानलं, असं म्हणायला हरकत नाही. फक्त ते त्यांना सुचलं साठीनंतर, पार्श्वभूमीचं काम वाट्याला आलं त्या दिवशी. फुलं करण्याचं काम धाकट्या जाऊबाईंनी आधीच बळकावलं होतं.

दोघींचे नवरे सख्खे भाऊ. ते एकापाठोपाठ एक गेले. त्यांच्यातलं भांडण मात्र घरातच राहिलं आणि वारसाहक्काने जावांकडे आलं. भांडायला बसायचंच तर हात तरी रिकामे कशाला, म्हणून दोघी भेटकार्डं करायला लागल्या. खालच्या फुलवाल्याच्या दुकानातून ती गुच्छांबरोबर जायची.

यंत्र एकच. टेबलावर बसणारं, दोन रूळ आणि बाजूला हँडल. डाय म्हणजे नक्षीच्या आकाराची धातूची पातळ चौकट, एका बाजूला धार असलेली. तिच्यावर कागद आणि कागदावर कडक पाटी ठेवून रुळांतून काढली की कागद कापला जातो. धाकट्या अशा पाकळ्या कापायच्या. पण पाटीच्या जागी रबरी चटई घातली, की तीच डाय कापायचं विसरते, नुसती दाबते आणि कोऱ्या कार्डावर वेल उठून येते. पांढऱ्यावर पांढरी. उजेडात तिरकं धरलं तरच दिसते. थोरल्यांचं काम हे असं होतं, आणि बघणाऱ्याने कार्ड तिरकं धरलं नाही तर थोरल्या स्वतः तिरक्या व्हायच्या.

त्या थर रचत असताना धाकट्या पाकळ्यांवरची नजर न काढता क्रम म्हणायच्या, "खाली पाटी, वर डाय, धार वरच्या बाजूला, मग कागद, मग चटई. चटई घातलीत का, ताई?"

"घातली गं बाई. मी काय काल आलेय या घरात?"

"घरात नाही हो. यंत्रावर."

मग धाकट्यांच्या लेकीचं बाळंतपण आलं. धाकट्या दीड महिन्यासाठी म्हणून गेल्या. बाळ आता रांगत होतं आणि दीड महिना काही संपत नव्हता.

थोरल्या रोज दहा कार्डं दाबत. क्रम स्वतःच म्हणत, "चटई घातलीत का, ताई?" इथपर्यंत, आणि उत्तरही स्वतःच देत, जरा चिडून. फुलं करायला कुणी नव्हतं, त्यामुळे नुसत्या वेलींचा ढीग वाढत होता. तो त्यांनी धाकट्यांच्या खुर्चीवर ठेवायला सुरुवात केली होती. ढीग टेबलाच्या उंचीला आला. त्यातली मूठभर कार्डं घेऊन त्या एकदा खाली गेल्या.

"काकू, कोरं कार्ड कसं देऊ गिऱ्हाइकाला?" फुलवाला म्हणाला.

"कोरं नाही ते. तिरकं धर."

त्याने धरलं. "हां, आहे खरं काहीतरी."

"लाव की तूच एखादं फूल. दुकान कशाचं आहे तुझं?"

"माझी फुलं तिसऱ्या दिवशी माना टाकतात, काकू. धाकट्या काकूंची टिकतात. कधी येतायत त्या?"

"येईल," थोरल्या म्हणाल्या. हा प्रश्न त्यांनी धाकट्यांना एकदाही विचारला नव्हता. थोरल्या जावेने धाकटीला "कधी येतेस?" असं विचारायचं, म्हणजे चाळीस वर्षांचा सामना एका वाक्यात हरायचा.

धाकट्यांचा फोन रविवारी अकराला यायचा. थोरल्या तो स्पीकरवर टाकून काम चालू ठेवत. रिकाम्या बसलोय असं वाटायला नको. एका रविवारी बाळाच्या पहिल्या दाताचं वर्णन ऐकता ऐकता त्यांनी हँडल फिरवलं.

"थांबा!" धाकट्या फोनमधून ओरडल्या. "चटई घातलीत का?"

"घातली."

"काही घातली नाहीये. चटई असली की ते कण्हतं. आत्ता करकरलं."

थोरल्यांनी पाहिलं. चटईऐवजी कडक पाटीच गेली होती. कार्डाला वेलभर भोकं पडली होती आणि सुटलेली पानं टेबलावर सांडली होती. बाईने शंभर कोसांवरून, नुसत्या कानांनी चूक पकडली होती! सात महिन्यांत थोरल्यांची चूक काढायला कुणीही आलं नव्हतं. त्या दिवशी त्या दोन घास जास्त जेवल्या.

पुढच्या रविवारी अकरा वाजता त्यांनी समजून-उमजून पाटी घातली. धाकट्यांची बोलणी पाच मिनिटं चालली. त्याच्या पुढच्या रविवारी पुन्हा.

"ताई, लक्ष कुठंय तुमचं? बरं-बिरं नाही का?"

आता आपल्याला म्हातारचळ लागला असं ठरणार, हे पाहून थोरल्या म्हणाल्या, "चटई घातलीये गं. घालूनही कापतंय."

पलीकडे बाळ काहीतरी आपटत होतं.

"तुम्हाला एकटीला टाकून आले, तेच चुकलं माझं," धाकट्या म्हणाल्या. "यंत्राला हात लावू नका आता. मी बघते काय करायचं ते. गुरुवारी सकाळी घरीच राहा. कुठे जाऊ नका."

"मी कुठे जातेय," थोरल्या म्हणाल्या. फोन बंद झाल्याची खात्री करून त्या म्हणाल्या, "ये."

सोमवारी त्यांनी धाकट्यांची गादी उन्हात घातली. मंगळवारी खुर्चीवरचा ढीग पलंगाखाली सरकवला. बुधवारी खाली जाऊन फुलवाल्याला सांगितलं, "उद्यापासून फुलं मिळतील तुला."

"दुकानावर पाटी लावू का तशी?"

"लाव."

गुरुवारी पावणेअकराला बेल वाजली. दारात हेल्मेट घातलेला कुरिअरवाला उभा होता. थोरल्यांनी त्याच्या खांद्यावरून जिन्यात पाहिलं.

"अजून कुणी आहे का मागे?"

"नाही मावशी, एकच पार्सल आहे. इथे सही करा."

आत नवी रबरी चटई होती. सोबत चिठ्ठी: "जुनी टाकून द्या. ही घातली की कापणार नाही. बाळ आता धरून उभं राहतं."

थोरल्यांनी थर रचले, क्रम म्हटला, हँडल फिरवलं. यंत्र कण्हलं. वेल नीट उठली.

चटईला दोन वर्षांची हमी होती.