डाव्या चाकाची खोड

मुलांनो, क्षणभर डोळे मिटा. समजा, तुम्ही एका गाडीत पालथे पडला आहात. सीटवर नाही, खाली, पत्र्याला कान लावून. नाकात डिझेलचा आणि रबरी चटईचा वास भरला आहे. गाडी अगदी सावकाश चालली आहे. मध्येच एक खड्डा येतो आणि तुमच्या कानाशी आवाज होतो, खट्! मग थोडा वेळ काही नाही. पुन्हा खड्डा, पुन्हा खट्! आता सांगा बरं, हा आवाज कुठून आला? पुढून की मागून? डाव्या अंगानं की उजव्या? घाई नको. घाईनं उत्तर देणाऱ्याला गाडी हमखास फसवते.

चौसाळ्याच्या शिवांजलीला हे बरोबर जमायचं. पोर सहावीतली, पण तिच्या बापाचं, बसवेश्वरअप्पांचं, हायवेला लागून टायर-ट्यूब आणि गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान होतं. अप्पांनी तिला अक्षरांच्या आधी नट आवळायचे पाने ओळखायला शिकवलं होतं. "आधी ऐकायचं, मग बघायचं, मग हात लावायचा. बोलायचं सगळ्यात शेवटी," असं ते सांगत. बापलेकीचं मेतकूट असं, की शिवांजलीची आई, नीलम्मा, म्हणायची, "ह्या दोघांला जेवायला वाढू का ग्रीस वाढू?"

तर त्या दिवशी अप्पांची जुनी पांढरी गाडी खालून वाजत होती. अप्पा चालवत होते आणि शिवांजली खाली कान लावून पडली होती.

"कुठून आला गं?"

"पुढून. डाव्या अंगानं."

"ब्रेक मारल्यावर येतोय का?"

"न्हाई. खड्ड्यातच."

"कावून येत असंल?"

ती उठून बसली. अजून हात कुठं लावला होता, की बोलायचं?

घरी आल्यावर अप्पांनी गाडी उभी करून स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं. आवाज नाही. म्हणजे दोष स्टिअरिंगमध्ये नव्हता. मग मागच्या चाकांना दगड लावले, जॅक लावून पुढचं डावं चाक उचललं. शिवांजलीनं एक हात चाकाच्या वर, एक खाली असा धरून हलवून बघितलं. चाक दुधाच्या दातासारखं डुगडुगलं.

"आता मी ब्रेक दाबून धरतो. हालव."

तरीही डुगडुगलं.

"मंजी बेअरिंग न्हाई," शिवांजली म्हणाली. "बेअरिंग असती तर ब्रेक दाबल्यावर चाक गप बसलं असतं. खालचा जॉइंट गेलाय, अप्पा."

अप्पांचा चेहरा नुसता फुलला. "वा रे माझी वाघीण!" ते म्हणाले आणि तिला समजावून सांगू लागले. मांडीचं हाड जसं खुब्यात बसतं, तसा हा लोखंडी गोळा वाटीत बसलेला असतो. वाटी झिजली की गोळा आत खटखटतो.

"आन् वाटीतून निसटला तर?"

"तर चाक मोडून आडवं पडतंय. सपाटीला झालं तर माणूस वाचंल. घाटात वळणावर झालं तर खेळ खलास." फडक्यानं हात पुसत, पाऊसपाण्याची गोष्ट सांगावी तसं अप्पांनी हे सांगितलं.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटली आणि ती पळतच दुकानात आली. दुकानाच्या फळीवर नवा जॉइंट खोक्यात होता, तो बसवताना तिला बघायचं होतं. खोकं फळीवरच होतं. अप्पा मात्र गाडीखाली झोपले होते. जुन्याच जॉइंटमध्ये ते बोटानं घट्ट ग्रीस भरत होते, आणि भोवती सायकलच्या ट्यूबची पट्टी ताणून गुंडाळत होते.

"हे काय, अप्पा?"

"औषध."

"आन् नवा जॉइंट?"

"इकायच्या गाडीला कुणी नवा पार्ट घालतंय का, येडे? घेणारा घालीन त्याचा तो. आठ-पंधरा दिस गप ऱ्हाती ही."

तेव्हा तिच्या ध्यानात आलं. आवाज शोधायला अप्पांनी तिचा कान वापरला होता, तो दुखणं बरं करायला नाही, बोळा नेमका कुठं कोंबायचा ते कळायला.  

रविवारी सकाळी गाडी घ्यायला सोमनाथ आला. हा मेंढपाळ माणूस. वर्षातले कितीतरी महिने मेंढरांमागं रानोमाळ हिंडायचं, आणि त्यात त्याच्या पोरीची, योगिताची, शाळा बुडायची. योगिता शिवांजलीच्याच वर्गात, तिच्याच बाकावर. बाकीचे दिवस तिची जागा रिकामी. या गाडीवर चौसाळा ते बीड माणसं वाहायची आणि पोरीला एका जागी ठेवायचं, म्हणून सोमनाथनं निम्मी मेंढरं विकली होती. उरलेला कळप गेवराईकडं गोदेच्या काठाला भावाजवळ होता. गाडी घेऊन आधी तिकडंच, घाट उतरून बीडवरून, जायचं ठरलं होतं. बायको अंजना आणि योगिता नवे कपडे घालून आल्या होत्या.

सोमनाथला मेंढराचा दात बघून वय सांगता यायचं, गाडी चालवायला तो नुकताच शिकला होता, पण तिच्या आतलं ओ का ठो कळत नव्हतं. त्यानं गाडीला एक चक्कर मारली आणि बोनेटवर थाप मारली, म्हशीच्या पाठीवर मारतात तशी.

"चांगली दिसतीया. पण शेट, खोड काय हाय?"

जनावरांच्या बाजाराची ही रीत. सौदा ठरला तरी दावं हातात घेण्याआधी घेणारा खोड विचारतो, आणि विकणाऱ्यानं खरं सांगायचं असतं. लाथ मारते का, चालताना लंगडते का, रात्री दावं तोडते का. एवढ्या एका गोष्टीत खोटं बोललेल्याच्या दावणीला पुढं जनावर टिकत नाही, असं लोक मानतात.

अप्पा हसले. "अरे, गाडी हाय का बैल? खोड असती तर माज्या पोरीला रोज हिच्यात बसवलं असतं का?"

"मग पोरीलाच इचारतो. चारणाऱ्या लेकराला जनावराची खोड ठावी असती आन् लेकरू खोटं बोलत न्हाई." सोमनाथ तिच्यापुढं उकिडवा बसला. "सांग बाय, काय खोड?"

अप्पांचा हात तिच्या खांद्यावर येऊन बसला. काही दाबला नाही, नुसता ठेवला. या हातानं तिला पाना धरायला शिकवलं होतं. शिवांजलीनं एकदा डाव्या चाकाकडं पाहिलं.

"न्हाई," ती म्हणाली.

बस्स, एवढंच. सोमनाथचं मन निवळलं. अंजनानं बोनेटला भंडारा लावला, चाकांखाली लिंबं ठेवली, नारळ फोडला. पहिली खोबऱ्याची फोड तिनं शिवांजलीच्या हातावर ठेवली. "खरं बोलल्याची हाय," ती हसून म्हणाली. शिवांजलीनं खोबरं तोंडात धरलं आणि तसंच धरून ठेवलं.

सोमनाथनं किल्ली घेतली, तिला अडकवलेली लाल दोरी सोडली आणि बाजारात दावं विकणाऱ्याकडं परत जातं तशी अप्पांच्या हातावर ठेवली. "जनावर आमचं, दावं तुमचं. तुमची दावण भरलेली ऱ्हावी, शेट." अप्पांनी हसत हसत मूठ मिटली.

सोमनाथ स्टिअरिंगशी बसला, अंजना मागं, आणि योगिता पुढं चढली. डाव्या बाजूला, खिडकीशी. नेमकी त्या चाकाच्या वर. "शिवे, शाळेत आता रोज येनार बघ मी! आज घाट उतरताना हात बाहेर काढू का गं?" तिनं विचारलं.

शिवांजलीनं खोबरं थुंकलं. गाडीपाशी गेली, दार उघडलं आणि योगिताला आत सरकवून तिच्या जागेवर जाऊन बसली.

"मी बी येते काका, बीडापर्यंत."

"चल की! एसटीनं धाडतो माघारी," सोमनाथ म्हणाला आणि त्यानं गाडी चालू केली.

"शिवांजली, उतर खाली," अप्पा म्हणाले. चेहऱ्यावर अजून गिऱ्हाइकासाठीचं हसू होतं, पण ते एका बाजूनं निसटायला लागलं होतं.

"ऱ्हाऊ द्या की, शेट. लेकरांची हौस."

"उतर म्हन्लं ना! घाटातून जायचं न्हाई तू!"

अंजनानं मान वळवून अप्पांकडं बघितलं. सोमनाथनं गिअरवर ठेवलेला हात तसाच राहिला.

"कावून, अप्पा?" शिवांजलीनं विचारलं.

तिनं घाई केली नाही. दार आतून ओढून घेतलं, दोन्ही हातांनी घट्ट धरलं, आणि काच मात्र पुरती खाली केली, अप्पांचं उत्तर गाडीतल्या सगळ्यांना ऐकू यावं म्हणून.