मंगळवार-शुक्रवारी वाढणारं पाणी

बसव्वा पंपहाऊसवर आली तेव्हा ऋतुजानं नुकताच जेवणाचा डबा उघडला होता.

"बाई, एक इचारायचं हाय," दारातच उभी राहून बसव्वा म्हणाली. "माज्या हिरीचं पानी मंगळवारी आन् शुक्रवारीच का वाढतंय?"

एप्रिलचे शेवटचे दिवस होते. अक्कलकोटकडच्या त्या भागात विहिरी तळाला गेल्या होत्या. ऋतुजा मूळची माळशिरसची. बारा गावांच्या पाणीयोजनेवर कनिष्ठ अभियंता म्हणून येऊन तिला वर्ष होत आलं होतं. पाणी का येत नाही, हे विचारायला रोज कोणी ना कोणी यायचं. का येतं, हे विचारणारी ही पहिलीच.

"तुम्हाला कसं कळलं, वाढतंय म्हणून?"

"पायऱ्यांवर चुन्याच्या रेघा मारल्यात की. महिना झाला." बसव्वा साठीची होती, पण बोलताना डोळे पोरीसारखे चमकत होते. "वस्तीवरची समदी म्हनत्यात, देवीचे वार हायत. नारळ फोडाय लागलीत. मी म्हनलं, देवी बाकीचं पाच दिस कुटं जाती?"

ऋतुजाला हसू आलं, आणि लगेच ते थांबलंही. मंगळवार आणि शुक्रवार हे शेवटच्या गावाला, कडेहळ्ळीला, पाणी सोडायचे वार होते. कडेहळ्ळीची टाकी गेल्या उन्हाळ्यापासून अर्ध्यावर भरत नव्हती.

व्हॉल्व उघडणारे रुद्रप्पा बाजूलाच बसले होते. वीस वर्षं ते याच कामावर होते. "मॅडम, लाइन अव्वाच्या रानातनंच जाती. पर मी तीनदा चालत गेलोय. कुटं वल न्हाय, चिखल न्हाय."

"मग हिरीत कुटनं येतंय?" बसव्वानं विचारलं. लगेच तिनंच सुचवलं, "एक मंगळवार पानी सोडूच नगा. बुधवारी सोडा. बगू, देवीला कळतंय का."

ऋतुजानं कडेहळ्ळीच्या सरपंचांना फोन करून एक दिवस मागून घेतला.

मंगळवारी संध्याकाळी ती विहिरीवर गेली. पाणी चुन्याच्या रेघेवरच होतं, बोटभरही हललं नव्हतं. बुधवारी सकाळी रुद्रप्पांनी व्हॉल्व उघडला. दुपारी तीनच्या सुमाराला विहिरीच्या दगडांमधून बारीक झुळझुळ ऐकू यायला लागली. ऋतुजा आणि बसव्वा पायरीवर बसून बघत राहिल्या. पाच वाजेपर्यंत अख्खी पायरी बुडाली. ऋतुजानं बाटलीत पाणी घेऊन त्यात क्लोरीन तपासायच्या औषधाचे थेंब टाकले. पाणी फिकट पिवळं झालं.

"ह्ये काय?"

"योजनेच्या पाण्यात जंतू मारायचं औषध घालतात, त्याचा रंग. हे आमचं पाणी आहे, अव्वा."

"म्हंजी देवीचं न्हाय." बसव्वा खूश झाली. महिनाभराचं कोडं सुटलं होतं.

तिची सून मायाक्का मात्र काठावर उभी होती. तिचा चेहरा उतरला. "सापडलं न्हवं? आता ह्ये बुजवनार. सात घरं ह्याच पान्यावर हायत. आत्ती, तुमाला कुनी सांगितलं हुतं इचारायला?"

बसव्वाला नुसतं उत्तर हवं होतं. त्याच्या पुढचं तिनं मनात आणलं नव्हतं. ऋतुजानंही नव्हतं.

दुसऱ्या आठवड्यात खोदाई झाली. वरची जमीन कोरडी खणखणीत होती, पण काळ्या मातीत भेगा अशा की रुद्रप्पांचा हात खांद्यापर्यंत आत गेला. "पयला मनगटापतुर जायचा," ते म्हणाले. आता पाऊस येतो तो एकदम कोसळतो, मग महिना महिना फिरकत नाही. माती फुगते, आकसते आणि पाइप ओढते. सहा फुटांवर सांधा निखळलेला सापडला. तिथून सुटलेलं पाणी भेगांमधून खालच्या मुरमात उतरायचं आणि दोनशे पावलांवरच्या विहिरीत निघायचं. जमिनीच्या वर त्याचा थेंबही दिसत नव्हता.

नुसता सांधा बसवून भागणार नव्हतं. पुढच्या वर्षी शेजारचा निखळला असता. ऋतुजानं काळ्या रानातला सगळा टप्पा नव्यानं मांडला: खाली-वर मुरमाची गादी, आणि माती हलली तरी थोडे वळतील असे सांधे. आराखड्यात एक ओळ तिनं वाढवली, वस्तीसाठी सार्वजनिक नळ.

शहरातल्या सात रस्ता चौकाजवळच्या जिल्हा कार्यालयात वरिष्ठ साहेबांनी नेमकी तीच ओळ बोटानं दाखवली. "ही वस्ती योजनेत नाही."

"पाइप त्यांच्या रानातून जातो, सर."

"मंजुरीला पाठवू. काम थांबवू नका."

काम थांबलं नाही. ठेकेदाराची माणसं रानात होती तेव्हाच ऋतुजानं नळ बसवून घेतला. मंजुरीचा कागद दीड महिन्यानं आला. तोवर तिला दोन खुलासे लिहावे लागले आणि काही रात्री झोप लागली नाही.

विहीर आठ दिवसांत आटली. मायाक्काची मिरचीची रोपं गेली. नळाचं पाणी प्यायला पुरत होतं, रानाला नाही. ती ऋतुजाशी बोलायची नाही. तरी एकदा नळावर भांडं भरताना म्हणाली, "निदान दारात आलंय."

जूनमध्ये एका दुपारी दोन तासांत ओढा रस्त्यावर आला इतका पाऊस झाला. पाणी ओसरल्यावर ऋतुजा आणि रुद्रप्पांनी पूर्ण टप्पा दाब लावून तपासला. दाबमापकाचा काटा जागचा हलला नाही.

त्या शुक्रवारी बसव्वा पुन्हा आली. "बाई, ती कडेहळ्ळी मला बगायचीय. माज्या हिरीत कुनाचं पानी येत हुतं, ते तरी कळू दे."

चौदा किलोमीटरवरचं ते गाव तिनं कधी पाहिलं नव्हतं. रुद्रप्पांनी तिला जीपमध्ये पुढं बसवलं. टाकीखाली बायका घागरी घेऊन उभ्या होत्या. एकीनं कानडीत विचारलं, कुठून आलात? बसव्वानं कानडीतच सगळं सांगितलं, चुन्याच्या रेघांपासून. बायका घागरी खाली ठेवून ऐकत राहिल्या. एक म्हातारी म्हणाली, आमच्याकडं मंगळवार-शुक्रवार वर्षभर नुसती हवाच यायची नळातनं.

"अय्यो," बसव्वा म्हणाली.

मग तिनं मान वर करून टाकीकडं पाहिलं. कडेच्या नळीतून जादा पाणी ओघळत होतं.

"ह्येच्यात किती मावतंय, बाई? आन् वर चडायला शिडी कुटनं हाय?"