वांग्यांचं कॅलेंडर

फ्रिस्कोतल्या त्या घरात शनिवार सकाळ नेहमीसारखीच उजाडली. रत्नाबाई परसात वांग्यांना पाणी घालत होत्या, त्यांचा मुलगा शंतनू चहा पीत होता आणि त्याची तेरा वर्षांची सिया परसाच्या दारावर पुन्हा पुन्हा कोड दाबत होती. दार दर वेळी तेच म्हणत होतं, "ॲक्सेस डिनाइड."

शंतनू मागासलेला मुळीच नव्हता. प्रोजेक्ट मॅनेजर होता. पाळीत हात लावला की भाजी सडते, असं पुण्याहून आलेल्या आईने बजावलं, तेव्हा त्याने वाद घातला नाही, प्रोसेस बसवली. फॅमिली कॅलेंडरमध्ये सियाचे आणि बायकोचे, आसावरीचे, दिवस टाकले, दर महिन्याला रिपीट लावलं आणि ते दाराच्या, फाटकाच्या स्मार्ट कुलपांना जोडलं. त्या दिवसांत त्यांचे कोड चालायचे नाहीत.

"आई थोडे महिनेच आहे, यार. ॲडजस्ट कर," तो आसावरीला म्हणाला. तिने केलं.

वाफा खरं तर सियाचा. रोपं तिनेच लावलेली. पहिलं झाड मान टाकून मेलं तेव्हा आजीने विचारलं, "हात लावला होतास?" सियाने लावला होता. तिथून कुलूप. झाडं मात्र मरतच राहिली. सावली काचेतून जाते, असा रत्नाबाईंनी शोध लावला, तर शंतनूने काचेला पडदा लावला. मग संशय शेजारच्या वीणावर गेला, कारण वारं तिच्या कुंपणावरून येतं. तिच्या तारखा विचाराव्यात म्हणून शंतनूने मेसेज लिहायला घेतला, पण "हाय वीणा, ऑड क्वेश्चन" याच्या पुढे गाडी सरकेना.

सियाने पडद्याची कड उचलली. "मॉम! आजी मेलेलं झाड परत वाफ्यातच पुरतेय! इट्स अ फंगस! खोडाला पांढरे धागे आहेत, वर मोहरीसारखे दाणे. ते मातीत राहतात आणि नेक्स्ट झाडाला लागतात. शेवटचं एकच उरलंय, टेल हर!"

आसावरीने स्वयंपाकघराची खिडकी सरकवली. "आई, ते झाड कचऱ्यात टाका. बुरशी आहे ती."

"मला शिकवू नकोस. ही मोहरी दिसत्ये ना? कुणीतरी दृष्ट काढून टाकल्ये इथे. त्या वीणानेच."

तेवढ्यात बेल वाजली. वीणाच होती, कडेवर तिचा तान्हा कुश.

"सिया, धर गं याला जरा. डबा गाडीतच राहिला."

सियाने दोन्ही हात पाठीमागे नेले. "नको, मावशी. नॉट टुडे."

"अगं, तुझ्याकडे तर झेपावतो तो!"

सिया आईकडे वळली. आवाज अगदी बारीक. "ही इज सो स्मॉल, मॉम. माझ्यामुळे त्याला काही झालं तर?"

"तूच म्हणालीस ना, बुरशी आहे म्हणून?"

"आय नो. पण बाबाने कुलूप लावलंय ना."

आसावरी पुढे झाली. वीणाकडून कुशला घेतलं आणि सियाच्या हातांत दिलं. सियाने श्वास रोखून धरला. कुशने तिचं नाक पकडलं. मग आसावरीने ड्रॉवरमधून स्क्रू ड्रायव्हर काढला आणि दाराशी बसली.

"अगं, वॉरंटी जाईल!" शंतनू ओरडला.

कुलूप तिच्या हातात आलं तरी म्हणत होतं, "ॲक्सेस डिनाइड." तिने ते चहाशेजारी ठेवलं आणि परसात पाऊल टाकलं.

"माझेही दिवस चालू आहेत, आई."

रत्नाबाईंच्या हातून पाण्याचा पाइप सुटला. आसावरीने पुरलेलं झाड मातीसकट उकरून काळ्या पिशवीत भरलं.

"ते शेवटचं वाळलं तर मला बोलू नका!" रत्नाबाई कडाडल्या.

"वाळेलही. ही बुरशी मातीत वर्षानुवर्षं राहते. पण वाळलं तरी दार उघडंच राहील."

वीणा दारातच उभी होती. तिच्यादेखत शंतनूने घाईघाईने कॅलेंडर उघडलं आणि डिलीट दाबलं. फोनने विचारलं, फक्त आजचं काढायचं, की यापुढचं सगळंच?

"आसावरी, काय करू?"

"मला काय विचारतोस? रिपीट तू लावलंस."

कुशला कडेवर घेऊन सिया बापाच्या अंगठ्याकडे बघत होती. तो अजून हवेतच होता.